जुन्याच तारेवर नवा वेग

१४ जानेवारी २००५ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, भारत संचार निगम लिमिटेडने 'डेटावन' या नावाने आपली ब्रॉडबँड सेवा सुरू केली. त्याच सुमारास मुंबई व दिल्लीत महानगर टेलिफोन निगमची 'ट्रायबँड' सेवाही दाखल झाली. या सेवांची नवलाई वेगात तर होतीच, पण त्याहून अधिक ती एका साध्या गोष्टीत होती. ग्राहकाच्या घरापर्यंत नवी तार ओढावी लागली नाही, रस्ता खोदावा लागला नाही, इमारतीच्या भिंतीला नवे भोक पाडावे लागले नाही. दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबून मिळवलेली जी तांब्याची जोडतार दिवाणखान्यातल्या काळ्या यंत्रापर्यंत आली होती, तीच आता इंटरनेटही आणू लागली. नवीन होते ते फक्त एक मोडेम आणि त्याच्या शेजारी लटकणारी 'स्प्लिटर' नावाची प्लास्टिकची छोटी डबी.

त्या आधीची दहा वर्षे हीच तार डायल-अप मोडेमच्या कर्कश शिट्ट्या वाहत होती आणि तिच्यातून सेकंदाला ५६ हजार बिटांपलीकडे काही मिळत नव्हते. १ जानेवारी २००७ पासून बीएसएनएलने त्याच तारेवर २ मेगाबिटपर्यंतचा वेग देऊ केला. म्हणजे सुमारे ३५ पट. तार तीच, खांब तेच, पावसाळ्यात पाणी शिरणारे जॉइंटही तेच. मग हा वेग इतकी वर्षे दडला होता तरी कुठे?

अडसर तारेत नव्हता

दूरध्वनीची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बांधली गेली. बोलणे समजण्यासाठी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा वारंवारतेचा पट्टा पुरतो, असे अभियंत्यांनी फार पूर्वीच ठरवले. त्यामुळे एक्स्चेंजमध्ये शिरताना प्रत्येक संभाषणाला एक चाळणी लागते. या पट्ट्याबाहेरचे सारे तेथेच गाळले जाते. दूरध्वनीवरून गाणे ऐकताना ते पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे का वाटते, त्याचे कारण हेच.

डायल-अप मोडेम संगणकाची माहिती आवाजाच्या रूपात याच अरुंद पट्ट्यातून पाठवत असे. एखाद्या मार्गावरून माहिती किती वेगाने जाऊ शकेल, याची सैद्धांतिक कमाल मर्यादा क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडली. पट्टा जितका रुंद आणि संकेत खरखरीच्या तुलनेत जितका बळकट, तितकी मर्यादा वर. दूरध्वनीच्या सुमारे ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्याला हे गणित लावले, तर चांगल्या लाइनवर ३५ किलोबिटांच्या आसपास उत्तर येते. १९९०च्या दशकातील मोडेम ३३.६ किलोबिटांपर्यंत पोहोचले, ते काही कमी कर्तृत्व नव्हते. ते मर्यादेला जवळजवळ हात लावून आले होते.

त्यानंतरचा ५६ किलोबिटांचा टप्पा मात्र चलाखीचा होता. तोवर एक्स्चेंज अंकीय झाली होती. तेथे आवाजाचे सेकंदाला ८ हजार नमुने घेतले जात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत साठवला जाई. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने आपले टोक थेट अंकीय जाळ्याला जोडले, तर त्या बाजूचे एक रूपांतर आणि त्यातून येणारी खरखर टळते. आठपैकी ७ बिट भरवशाचे धरले, तर ८ हजार गुणिले ७, म्हणजे ५६ हजार. १९९८ साली निश्चित झालेल्या व्ही.९० या प्रमाणाचा हिशेब इतका साधा आहे. प्रत्यक्षात ४०-५० किलोबिट मिळाले तरी ग्राहक खूष असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हापासून ज्यांनी ही सेवा वापरली, त्यांना तो काळ आठवत असेल. इंटरनेट चालू असेतो घरचा दूरध्वनी 'एंगेज' आणि मिनिटागणिक वाढणारे बिल.

थोडक्यात, मर्यादा होती ती एक्स्चेंजमधल्या चाळणीची. घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तार या चाळणीच्या अलीकडे आहे. या तारेला ३४०० हर्ट्झशी काही देणेघेणे नाही. दहा लाख हर्ट्झ, म्हणजे एक मेगाहर्ट्झ वारंवारतेचा संकेतही ती वाहून नेते. जाताजाता तो बराच क्षीण करते, एवढेच. तेव्हा उपाय असा निघाला की, तार एक्स्चेंजमध्ये शिरताच तिच्यातले उच्च वारंवारतेचे संकेत वेगळे काढावेत आणि आवाज नेहमीच्या वाटेने जाऊ द्यावा. एक्स्चेंजमध्ये हे काम 'डीस्लॅम' नावाची यंत्रणा व तिचे स्प्लिटर करतात, घरात ती प्लास्टिकची डबी करते. दोन्ही गोष्टी एकाच तारेवर, एकमेकींना धक्का न लावता चालतात. म्हणूनच ब्रॉडबँड आल्यावर फोन मोकळा झाला.

पिळाचे महत्त्व

या तारेची एक खुबी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दूरध्वनीची तार एकटी नसते, जोडी असते, आणि ती जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. हा पिळ देण्याची युक्ती खुद्द अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची. त्याचे पेटंट १८८१ सालचे आहे. बाहेरून येणारा विद्युतचुंबकीय उपद्रव पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो, आणि दोन्ही तारांमधील फरक मोजणाऱ्या यंत्राला तो दिसत नाही. १८८२ साली मुंबईत दूरध्वनी सुरू झाला, त्याच्या आदल्या वर्षीची ही युक्ती आजही संगणकाच्या नेटवर्क केबलमध्ये जशीच्या तशी आहे. डीएसएल रडतखडत चालत असताना मुंबईतल्या केबलवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर टाकलेले इंटरनेटही अनेक ठिकाणी अशाच पिळलेल्या चार जोड्यांतून धावत होते. तांब्याला पर्याय म्हणून आलेलेही तांबेच होते!

सगळेच जुने शहाणपण मात्र नव्या कामाला उपयोगी पडले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लांबच्या लाइनवर आवाज स्पष्ट यावा म्हणून मायकेल प्युपिन यांच्या संशोधनानुसार ठरावीक अंतरावर तारेची वेटोळी बसवण्याची पद्धत पडली. या वेटोळ्यांमुळे आवाज सुधारतो, पण त्यावरच्या वारंवारता पार गुदमरतात. अमेरिकेत अनेक लाइनींवर ब्रॉडबँड देण्याआधी ही वेटोळी शोधून काढून टाकावी लागली.

चित्रपटासाठी शोध, इंटरनेटसाठी उपयोग

अमेरिकेतील दूरध्वनी कंपन्यांची संशोधन संस्था असलेल्या 'बेलकोर'मध्ये १९८०च्या दशकात जोसेफ लेकलायडर हे अभियंते काम करत होते. एकाच जाड केबलमध्ये शेकडो जोड्या एकमेकींना चिकटून जातात. एका जोडीतला संकेत शेजारच्या जोडीत झिरपतो. पूर्वी दूरध्वनीवर मध्येच परक्या संभाषणाचे शब्द ऐकू येत, त्याचेच हे भावंड. उच्च वारंवारतेला हा झिरपा फार वाढतो. त्यातही सर्वांत वाईट प्रकार असा की, एका टोकाला एका जोडीतून जोरकस संकेत बाहेर पडत असतो आणि शेजारच्याच जोडीत दुरून आलेला, थकलाभागला संकेत पोहोचत असतो. जोरकस आवाजाशेजारी कुजबुज ऐकू येत नाही, तसे होते.

लेकलायडर यांनी सुचवले की, दोन्ही दिशांना सारखाच वेग देण्याचा हट्ट सोडावा. एक्स्चेंजकडून घराकडे येण्यासाठी मोठा पट्टा राखावा, घराकडून जाण्यासाठी छोटा, आणि हे पट्टे एकमेकांपासून वेगळे ठेवावेत. एकाच टोकाला एकाच पट्ट्यात कोणी बोलतही आहे आणि ऐकतही आहे, असे मग घडत नाही. डीएसएलच्या आधी लागणारे 'असममित' हे बिरुद, म्हणजेच एडीएसएलमधला 'ए', येथून आला. घरात माहिती येते जास्त, जाते कमी, हे पुढे इंटरनेटलाही चपखल बसले. पण तेव्हा डोळ्यांसमोर इंटरनेट नव्हतेच. केबल टीव्ही कंपन्यांशी टक्कर देण्यासाठी फोनच्या तारेवरून घरोघरी मागणीनुसार चित्रपट दाखवावेत, हा कंपन्यांचा बेत होता. तो बेत फसला. तंत्र फळीवर ठेवले गेले आणि काही वर्षांत वर्ल्ड वाइड वेब आल्यावर खाली काढले गेले.

दुसरा मोठा प्रश्न होता तो तारेच्या लहरीपणाचा. प्रत्येक घराची तार वेगळी. कुठे तिची लांबी जास्त, कुठे जाडी कमी, कुठे जॉइंट सैल, कुठे अर्ध्यावर सोडून दिलेला फाटा. अशा तारेवर काही वारंवारता सुखाने जातात, काही अर्ध्या वाटेत विरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन सिऑफी यांचा उपाय असा, की एका रुंद रस्त्याऐवजी शेकडो पाऊलवाटा कराव्यात. एडीएसएलमध्ये १.१ मेगाहर्ट्झचा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या २५६ उपपट्ट्यांत विभागला जातो. त्यातले तळाचे आवाजासाठी मोकळे सोडले जातात. साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झचे उपपट्टे घरातून जाणाऱ्या माहितीसाठी आणि त्यावरचे येणाऱ्या माहितीसाठी असतात.

मोडेम सुरू केल्यावर त्यावरचा दिवा काही वेळ लुकलुकत राहतो. त्या अवधीत दोन्ही टोकांची यंत्रे प्रत्येक पाऊलवाट चालून पाहत असतात. ज्या उपपट्ट्यावर संकेत ठणठणीत पोहोचतो, त्यावर एका वेळी १५ बिटांपर्यंत ओझे लादले जाते. जो कुरकुरतो त्यावर दोन-तीन. जो पार बिघडलेला आहे, त्याला सोडून दिले जाते. सेकंदाला ४ हजार वेळा ही रवानगी होते. म्हणजे १० बिट वाहणारा एक उपपट्टा सेकंदाला ४० हजार बिट पोहोचवतो, आणि असे २०० उपपट्टे मिळाले की ८ मेगाबिटांचा आकडा जुळतो.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. संकेताचे असे विभाजन गणिताने कसे करावे, हे १९७१ सालीच मांडले गेले होते. पण तेवढी आकडेमोड स्वस्तात करणाऱ्या चिप तेव्हा नव्हत्या. सिऑफी यांनी १९९१ साली 'अमाती' ही कंपनी काढली, आणि १९९३ साली बेलकोरने घेतलेल्या चाचण्यांत त्यांच्या पद्धतीने प्रतिस्पर्धी पद्धतींना मागे टाकले. १९९५ साली तिच्यावर बेतलेले अमेरिकी प्रमाण प्रसिद्ध झाले, १९९९ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे. याच तत्त्वाचे भाऊबंद आज वाय-फायमध्ये, फोर-जी आणि फाइव्ह-जीमध्ये काम करतात. ज्या तारेला सारे जुनाट म्हणत होते, तिच्या लहरी सांभाळताना तावूनसुलाखून निघालेली विद्या बिनतारी जगालाही कामी आली.

शेजाऱ्याला वेग जास्त का?

ब्रॉडबँडच्या ग्राहकांची सर्वांत जुनी तक्रार म्हणजे, 'तोच प्लॅन, तेच पैसे, मग शेजारच्या इमारतीत वेग जास्त कसा?' याचे उत्तर बहुतेक वेळा अंतरात असते. येथे अंतर म्हणजे नकाशावरचे सरळ अंतर नव्हे. एक्स्चेंजमधल्या मुख्य वितरण चौकटीतून, म्हणजे एमडीएफमधून, निघालेली जाड केबल रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत जाते. तिथून लहान केबल इमारतीच्या भिंतीवरल्या डीपी बॉक्सपर्यंत, आणि तिथून ड्रॉप वायर घरात. केबल ज्या रस्त्याने वळसे घेत जाते, ते सारे वळसे अंतरात धरावे लागतात. एक्स्चेंज खिडकीतून दिसत असेल, पण केबल दोन चौक फिरून येत असेल, तर ग्राहक 'लांबचा'च.

वारंवारता जितकी वर, तितका संकेत लवकर थकतो. त्यामुळे लांबच्या ग्राहकाच्या वरच्या पाऊलवाटा आधी बंद पडतात. एडीएसएलचा ८ मेगाबिटांचा वेग ढोबळमानाने दीड-दोन किलोमीटरच्या आतच मिळतो. पाच किलोमीटरच्या आसपास सेवा जेमतेम तग धरते. २००३ साली आलेल्या एडीएसएल२+ने पट्टा दुप्पट करून २.२ मेगाहर्ट्झवर नेला आणि २४ मेगाबिटांचे आश्वासन दिले. हा वाढीव लाभ साधारण तीन किलोमीटरपलीकडच्या ग्राहकाला मिळतच नाही, कारण वाढवलेल्या पाऊलवाटा त्याच्या घरापर्यंत पोहोचतच नाहीत. जाहिरातीतल्या आकड्याआधी 'पर्यंत' हा शब्द बारीक टायपात का छापलेला असतो, ते यावरून कळावे.

ज्यांच्याकडे अजूनही तांब्याच्या तारेवरची जोडणी आहे, त्यांना आपल्या तारेची प्रकृती घरबसल्या पाहता येते. मोडेमच्या माहितीपृष्ठावर 'लाइन अटेन्युएशन' आणि 'एसएनआर मार्जिन' असे दोन आकडे दिसतात, दोन्ही डेसिबलमध्ये. पहिला आकडा संकेत वाटेत किती क्षीण झाला ते सांगतो. तो विसाच्या आत असेल तर तार उत्तम, साठीच्या घरात असेल तर फारशी आशा ठेवू नये. दुसरा आकडा म्हणजे हाताशी राखलेली शिल्लक. ती साधारण सहा डेसिबल तरी असावी. पहिला आकडा सहसा बदलत नाही. दुसरा दिवसभरात वरखाली होतो. तो संध्याकाळनंतर घसरत असेल, तर दोष मोडेमचा असेलच असे नाही.

संध्याकाळच का, याचे एक कारण मोठे रंजक आहे. एडीएसएलचा पट्टा आणि मध्यम लहरींवरील आकाशवाणीचा पट्टा एकमेकांवर चढलेले आहेत. अस्मिता वाहिनी ज्यांनी ५५८ किलोहर्ट्झवर ऐकली, त्यांच्या माहितीसाठी सांगायचे तर एडीएसएलचे १२९ आणि १३० क्रमांकाचे उपपट्टे नेमके त्याच जागी येतात. खांबांवरून लोंबणारी उघडी ड्रॉप वायर ही आयती एरियल ठरते. मोडेम अशा उपपट्ट्यांवरचे ओझे कमी करतो किंवा त्यांना वगळतो. अंधार पडल्यावर मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूरदूर पोहोचतात. दिवसा न ऐकू येणारी केंद्रे रात्री ऐकू येतात, ती तारेलाही ऐकू येतात.

आणि मग पाऊस. जुन्या केबलमध्ये तारांवर कागदाचे वेष्टन असे. नंतरच्या केबलमध्ये पॉलिथिनचे वेष्टन आले आणि मधल्या पोकळीत पाणी शिरू नये म्हणून जेली भरली जाऊ लागली. तरीही जॉइंट हा कच्चा दुवा राहिलाच. खड्डा खणताना कुणाचा तरी फावडा लागतो, घाईने टेप गुंडाळून जॉइंट मारला जातो, आणि पहिल्या मोठ्या सरीला त्यात पाणी उतरते. दोन तारांमधला विद्युतरोध घटतो, खरखर वाढते. बोलणे त्यातूनही कसेबसे ऐकू येते, कारण माणसाचा मेंदू तुटक शब्द जोडून घेतो. मोडेमला ती सोय नाही. त्याची शिल्लक शून्यावर येते, जोडणी तुटते, तो पुन्हा पाऊलवाटा चाचपू लागतो. 'फोन चालू आहे ना, मग लाइन ठीकच आहे', हे लाइनमनचे नेहमीचे उत्तर त्यामुळे शास्त्राला धरून नसते.

कधी याच्या उलटही घडते. जोडीपैकी एक तार जॉइंटमध्ये तुटते, फोन मुका होतो, आणि इंटरनेट मात्र धीम्या गतीने का होईना, चालू राहते. तुटलेल्या टोकांमधली सूक्ष्म फट फोनला लागणारा एकदिश प्रवाह अडवते, पण उच्च वारंवारतेचे संकेत ती ओलांडून जातात. हा चमत्कार पाहून तक्रार नोंदवणारा आणि नोंदवून घेणारा, दोघेही चक्रावतात.

तार कोणाची?

तंत्राची गोष्ट येथे धोरणाच्या गोष्टीला येऊन मिळते. २००४-०५च्या सुमारास देशात चार कोटींहून अधिक स्थिर दूरध्वनी होते आणि त्यांतील बहुतांश तारा बीएसएनएल व एमटीएनएल या दोन सरकारी कंपन्यांच्या ताब्यात होत्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एप्रिल २००४ मध्ये शिफारस केली की, या तारा भाडेतत्त्वावर इतर कंपन्यांनाही वापरू द्याव्यात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. २५६ किलोबिटांचा किमान वेग, ही ब्रॉडबँडची व्याख्या त्यातलीच. तारा खुल्या करण्याची सक्ती मात्र त्या धोरणात आली नाही. मालक कंपन्यांनी हवे तर आपापसांत व्यापारी करार करावेत, एवढ्यावर ते थांबले.

युरोपात नेमके उलट घडले होते. तेथे २००० सालच्या कायद्याने तारा स्पर्धकांना खुल्या झाल्या. फ्रान्समध्ये 'फ्री' या नवख्या कंपनीने २००२ साली महिना २९.९९ युरो या सपाट दरात सेवा आणून बाजार हलवला, तो या भाड्याच्या तारांच्या बळावर. दक्षिण कोरियात १९९९ साली हानारो या नव्या कंपनीनेच एडीएसएल आधी बाजारात आणले आणि मग जुन्या कोरिया टेलिकॉमला धावावे लागले. उंच इमारतींत दाटीने राहणारा, एक्स्चेंजच्या जवळ असलेला ग्राहक ही कोरियाची जमेची बाजू होती. ती मुंबईकडेही होती.

सरकारी कंपन्यांनी सार्वजनिक पैशांतून उभारलेली मालमत्ता खासगी कंपन्यांना का द्यावी, हा विरोधकांचा प्रश्न अगदीच निराधार नव्हता. पण ज्या तारांवर स्पर्धाही होऊ दिली नाही आणि ज्यांच्या देखभालीवर पुरेसा खर्चही झाला नाही, त्या तारांनी पुढे कंपन्यांनाही तारले नाही, हे स्पष्ट दिसते. २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे उद्दिष्ट धोरणात होते. ते वर्ष संपताना प्रत्यक्ष संख्या त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. दरम्यान ग्राहक काय करत होता? बीएसएनएलच्या काही योजनांत पहाटे २ ते सकाळी ८ या वेळेत डाउनलोडला मर्यादा नसे. गजर लावून उठणारी, किंवा संगणक रात्रभर चालू ठेवून झोपणारी एक पिढी त्यातून तयार झाली. या वेळेचा तांब्याच्या तारेशी काही संबंध नव्हता. तार दिवसाही तेवढीच मोकळी होती. मर्यादा होती ती पुढच्या, सर्वांनी मिळून वापरायच्या जाळ्याची आणि दरपत्रकाची.

तांब्याची शेवटची धाव

जगात इतरत्र तांब्याला पिळून काढण्याचे प्रयत्न त्यानंतरही चालू राहिले. युक्ती एकच, फायबर ग्राहकाच्या अधिकाधिक जवळ आणावी आणि उरलेली थोडी वाट तांब्यावर सोपवावी. रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत फायबर आणून पुढे व्हीडीएसएल२ वापरले की ब्रिटनसारख्या देशात ८० मेगाबिटांपर्यंत वेग देता आला. २०१० साली आलेल्या 'व्हेक्टरिंग' तंत्राने शेजारच्या जोड्यांमधला झिरपाच मोजून त्याचा उलटा संकेत आधीच मिसळण्याची किमया केली. गंमत अशी की, यासाठी केबलमधल्या साऱ्या जोड्यांची नाडी एकाच यंत्राच्या हाती लागते. म्हणजेच तारा स्पर्धकांत वाटणे अवघड होते. जर्मनीत यावरून नियामक, डॉइच टेलिकॉम आणि तिचे स्पर्धक यांच्यात काही वर्षे वाद रंगला. २०१४ सालच्या 'जी.फास्ट' प्रमाणाने १०६ मेगाहर्ट्झपर्यंत मजल मारली आणि शंभरेक मीटरच्या आत एक गिगाबिटाच्या जवळ जाऊन दाखवले. शंभर मीटरपर्यंत फायबर आणल्यावर पुढचे शंभर मीटर तरी का सोडायचे, असा विचार मग अनेक कंपन्यांनी केला.

भारतात तो विचार करण्याची वेळही फारशी आली नाही. मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले, घरोघरी फायबर पोहोचू लागली, आणि बीएसएनएलनेही आपल्या तांब्यावरील ग्राहकांना फायबरवर नेण्याचा मार्ग धरला. ब्रॉडबँडची व्याख्याही बदलत गेली. २०१३ साली किमान वेग ५१२ किलोबिट झाला, २०२३ साली २ मेगाबिट. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवरच्या अनेक जुन्या तारा या नव्या व्याख्येत बसूच शकत नाहीत.

या स्थलांतरात एक गोष्ट मात्र ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन स्वतःची वीज सोबत घेऊन येतो. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या तारेतूनच त्याला प्रवाह पुरवतात, त्यामुळे घरातली वीज गेली तरी तो चालतो. काचेच्या तंतूतून वीज जात नाही. फायबरच्या पेटीला घरातला प्लग लागतो आणि दिवे गेले की फोनही जातो. ब्रिटनमध्ये जुनी दूरध्वनी यंत्रणा २०२५ अखेर बंद करायचे ठरले होते. पण एकट्या वृद्धांच्या गळ्यातली, संकटात मदत बोलावणारी बटणे याच तारांवर अवलंबून असल्याचे आणि स्थलांतरात ती निकामी होत असल्याचे गंभीर प्रकार उघडकीस आले. तेव्हा २०२४ साली ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलण्यात आली.

आपल्याकडे घरी एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक जुन्या फोनवरून फायबरवर जात असतील, तर जोडणी देणाऱ्याला दोन प्रश्न विचारून ठेवावेत. वीज गेल्यावर फोन किती वेळ चालेल आणि पेटीसोबत बॅटरी मिळेल की ती स्वतः घ्यावी लागेल. फायबरच्या बहुतेक पेट्या १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठीचे छोटे यूपीएस बाजारात सहज मिळतात. मात्र फायबरची पेटी आणि वाय-फाय राउटर वेगवेगळे असतील, तर यूपीएस दोन्हींना जोडावा लागतो.